मीठवालीची बाजू

राठोडबाई माझ्याशी जे पहिलं वाक्य बोलल्या, ते नमस्काराचं नव्हतं. हिंगोलीच्या त्या शाळेत मी गणित शिकवायला नुकतीच रुजू झाले होते. शिक्षकांच्या खोलीत पाऊल टाकलं, तर टेबलाच्या पलीकडच्या टोकाला बसलेल्या एका उंच, सावळ्या बाईंनी माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाल्या, "आता ह्या नवीन बाईंनाच इचारा. काहो बाई, राजाच्याच पोटी जन्मावं लागतं का माणसाला?"

मी दारातच थबकले. वाटलं, इथे जातीपातीवरून काहीतरी पेटलंय आणि मी नेमकी मध्ये सापडले. समोर चित्रकलेचे बोरकर सर डोकं धरून बसले होते. ते म्हणाले, "घाबरू नका. निशांकचं चाललंय."

"निशांक कोण? कितवीत आहे?" मी विचारलं.

दोघंही माझ्याकडे असे बघायला लागले, की जणू मला पाढे येत नाहीत हे मी कबूल केलं असावं.

निशांक हा 'धूम्रगडचे वारस' नावाच्या कादंबरीमालेतला नायक. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर तिचा पहिला भाग आला आणि मग दर दोन-तीन वर्षांनी एकेक जाडजूड भाग येत राहिला. धुक्यात बुडालेला गड, पंख असलेले घोडे, बोलणारे दगड, सगळं होतं त्यात. दुष्काळाच्या दिवसांत गडाच्या दाराशी धान्याच्या टोपलीत एक तान्हं लेकरू सापडतं, तोच निशांक. तो कोणाचा, हे लेखकाने सांगितलंच नव्हतं. मारल्या गेलेल्या राजाचा तो लपवलेला मुलगा, असं बहुतेक वाचकांना वाटायचं. कारण गडाची तलवार फक्त खऱ्या वारसाच्या हातात उजळते, आणि ती निशांकच्या हातात उजळली होती. बोरकर सरही याच मताचे. जमुना राठोड या मराठीच्या बाईंचं मत मात्र एकदम वेगळं होतं.

त्यांचं म्हणणं असं, की निशांकची आई ही राणी नव्हेच. त्याची आई म्हणजे गडाच्या दाराशी मीठ विकायला येणारी बाई.

ही मीठवाली पुस्तकात कुठे आहे हे शोधायलाही मला वेळ लागला. बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या लादून हिंडणाऱ्या काफिल्यातली ती एक बाई. प्रत्येक भागात एखाद्या पानापुरती येते, निशांकच्या ओंजळीत मूठभर मीठ घालते, "जेवलास का?" एवढं विचारते आणि निघून जाते. लेखकाने तिला नावसुद्धा दिलं नव्हतं.

"अहो, ती गर्दीतली बाई आहे," बोरकर सर म्हणायचे. "बाजार दाखवायचा म्हणून घातलीय."

"मग दर बारीला तीच काहून येते? बाजारात दुसरं कोणी न्हाई का? भाजीवाली न्हाई? लोहार न्हाई?" राठोडबाई शेंगा फोडता फोडता विचारायच्या. वाचताना आणि भांडताना त्यांना शेंगा लागायच्याच. टरफलांचा ढीग बघून वाद किती रंगला होता हे शिपाईसुद्धा सांगू शकायचा. "आणि सर, निशांकला सगळे काय इचारतात? तू कोण, तू कोणाचा, तुझी तलवार कुठली. जेवलास का म्हणून इचारणारं एकच माणूस आहे साऱ्या पुस्तकात."

वर्गातही त्या अशाच. पोरगं उभं राहून म्हणालं, की कवी दुःखी आहे, तर त्या लगेच, "कशावरून?" ओळ दाखवल्याशिवाय सुटका नाही. दाखवली, की पाठीवर अशी थाप मारायच्या, की पोरगं पुढच्या बाकावर आदळायचं. ती थाप मिळावी म्हणून मुलं कविता पाठ करून यायची. मुख्याध्यापकांना हे सगळं फार पटायचं नाही. "बाई, तुम्ही अभ्यासक्रम शिकवता की वकिली?" असं त्यांनी एकदा विचारलं. राठोडबाई शांतपणे म्हणाल्या, "सर, दोन्ही बराबर चालू आहे. निकाल बघा की." निकाल चांगलाच होता.

त्यांचं माहेर सेनगाव तालुक्यात, गोरेगावच्या बाजूच्या एका तांड्यावर. नवरा एसटीत वाहक, मुलगा शिकायला औरंगाबादला. दर रविवारी त्या जीपमध्ये दाटीवाटीने बसून गोरेगावला जायच्या आणि तिथून चालत तांड्यावर, आईकडे. बंजारा बोलीत आईला याडी म्हणतात. याडीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण 'धूम्रगडचे वारस'चा प्रत्येक भाग तिला माहीत होता, कारण राठोडबाई तो तिला त्यांच्या बोलीत सांगायच्या. शेजारपाजारच्या बायकाही येऊन बसायच्या. पंखांचे घोडे तांड्यावर फारसे कुणाला आवडले नाहीत. बैल मात्र आवडले. तांड्यावरच्या म्हाताऱ्यांचे आजे-पणजे असेच बैलांवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर हिंडलेले.

एकदा मी त्यांना विचारलं, "ही मीठवालीची कल्पना तुम्हाला सुचली कशी?"

"मला कुठली सुचते," त्या हसल्या. "याडी बोलली. पहिलाच भाग सांगून राहिले होते मी. मीठवाली आली, जेवलास का म्हणाली, अन् याडी मधीच म्हणे, हीच ह्याची माय. मी म्हटलं, कशावरून? तर गप बसली. काही सांगेचना. मग पुरावा शोधायचं काम माझ्याकडं आलं."

आणि तो त्यांनी शोधला. पहिल्या भागात एक म्हातारी सहज बोलून जाते, की गड बांधला त्याच्याही आधी त्या डोंगरावर काफिलेवाल्यांनी खोदलेली विहीर होती. चौथ्या भागात कळतं, की तलवार राजाने घडवलेली नाही, ती एका विहिरीत सापडली. मधल्या दोन भागांच्या गडबडीत हे दोन धागे कुणी एकत्र बांधलेच नव्हते. राठोडबाईंनी बांधले. तलवार वारसाला ओळखते हे खरं, पण वारस कोणाचा? राजाचा, की विहीर खोदणाऱ्यांचा? हे ऐकून बोरकर सरांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "तरी मला राणीच पाहिजे." राठोडबाई म्हणाल्या, "पाहिजे हे वेगळं अन् आहे हे वेगळं."

पाचवा भाग आला आणि त्यानंतर लेखक गप्प झाला. वर्षं गेली, सहावा भाग येईना. हिंगोली जिल्ह्याचं ठिकाण होऊन तेव्हा थोडी वर्षं झाली होती, नवी कार्यालयं उघडली होती, आणि बसस्थानकाच्या रस्त्याला अफसरभाईंचं इंटरनेटचं दुकान निघालं होतं. लाकडी फळ्यांचे आडोसे, पडदे, आत कॉम्प्युटर. बाहेर बहुतेक निकाल बघायला आलेली पोरं. राठोडबाईंच्या मुलाने सुट्टीत त्यांना तिथे नेलं आणि 'वाचकांचा चौक' नावाचं एक संकेतस्थळ दाखवलं. जगभरातले मराठी वाचक तिथे जमून पुस्तकांवर बोलत. निशांकच्या आईबापांवर तर तिथे वेगळा कट्टाच होता.

दुसऱ्या दिवशी बाई शाळेत आल्या त्या उजळलेल्या चेहऱ्यानेच. "जोशीबाई, भांडायला इतके लोक आहेत जगात! आपण उगीच एकट्या बोरकर सरांना तकलीफ देत होतो."

त्यांनी तिथे नाव घेतलं 'तांड्याची जमुना'. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहावं लागायचं आणि ते त्या एका बोटाने लिहायच्या. दर शनिवारी सकाळची शाळा सुटली, की दुकानात. पुष्कळदा मीही सोबत जायचे, आधी कुतूहल म्हणून, मग सवय म्हणून. अफसरभाई खुर्ची पुसून द्यायचे आणि विचारायचे, "मॅडम, आज भी लड़ाई है क्या?" वीज कधी जाईल याचा नेम नसायचा. एकदा विहिरीचा अख्खा मुद्दा लिहून झाला, आता पाठवायचा, आणि पडदा काळा झाला. मला रडू आलं. बाई उठल्या, बाहेर जाऊन उसाचा रस प्यायल्या, वीज आल्यावर परत बसल्या आणि पहिल्या शब्दापासून पुन्हा लिहिलं. म्हणाल्या, "आता जास्त चांगलं झालं. मघाशी रागात लिहिलं होतं."

तिथे त्यांचा खरा प्रतिस्पर्धी होता 'दुर्गरक्षक'. शांत, अभ्यासू, पानांचे आकडे देऊन बोलणारा. आम्ही दोघींनी ठरवूनच टाकलं होतं, की हे इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक असणार, चष्मा, स्वेटर वगैरे. राणीची बाजू तो इतकी सुरेख मांडायचा, की मला मनातून ती पटायची. एकदा राठोडबाईंनी लिहिलं, की निशांकच्या दंडावरची निळी खूण म्हणजे काफिल्यातल्या लेकरांना करतात ते गोंदण. दुर्गरक्षकाने तिसऱ्या भागातलं पान दाखवलं. ती खूण लढाईत भाजल्याची होती, जन्मापासूनची नव्हतीच. चौकावर हशा पिकला. राठोडबाईंनी ते पान पुन्हा वाचलं आणि एक बोट चालवत लिहिलं, "माझी चूक झाली. दुर्गरक्षक बरोबर आहेत. गोंदण काढून टाका, मीठ राहू द्या."

इंटरनेटवर चूक कबूल करणारं माणूस तेव्हाही दुर्मीळ होतं. त्या दिवसापासून लोक त्यांचं लिहिलेलं नीट वाचायला लागले.

पण सगळेच नाहीत. वाद तापला तसं एकाने लिहिलं, की ही तांड्याची जमुना वगैरे काही नाही, मुंबईत बसलेला कोणी टवाळखोर आहे. तांड्यावरच्या बाईला एवढं कुठलं कळणार, आणि तिथे कुठलं आलंय इंटरनेट? मग त्याला जोर देणारे दहा जण. फोटो दाखवा, पत्ता सांगा. मी संतापले. म्हटलं, "बाई, शाळेचं नाव सांगा, फोटो टाका, तोंडं बंद होतील."

राठोडबाईंनी खुर्ची पडद्यापासून मागे सरकवली. शेंगांची पुडी तशीच होती. रंग उतरलेला त्यांचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. "लहानपणापासून हेच, जोशीबाई," त्या हळू म्हणाल्या. "निबंध चांगला लिहिला, की कोणाचा पाहून लिहिला. पहिली आले, तर कोणाच्या वशिल्याने. दर बारीला दाखला दाखवत बसायचं. आता ह्या वयात न्हाई दाखवणार."

मग त्यांनी लिहिलं, "मी खरी की खोटी हे ठरवून मीठवाली खोटी होते का? मी कोणाची लेक आहे ते सोडा, मुद्द्यावर या. सहाव्या भागात निशांक राणीचा निघाला, तर मी ह्या चौकात पुन्हा पाऊल ठेवणार नाही."

खाली पहिलं उत्तर आलं ते दुर्गरक्षकाचं. "बाईंची बाजू मला मान्य नाही. पण बाईंना दाखला मागणाऱ्यांनी एक पाहावं. निशांकलाही गडावर सगळे हेच विचारतात, आणि आपण त्याच्या बाजूने असतो." त्यानंतर फोटो कुणी मागितला नाही.

पैज मात्र लागली ती लागलीच. आणि इकडे याडी थकत चालली होती. डोळे अधू झाले, खाटेवरून उठणं कमी झालं. दर रविवारी तिचा पहिला प्रश्न असायचा, की ते पुस्तक आलं का. राठोडबाई नाही म्हणायच्या. प्रकाशकाला फोन करून त्यांनी सांगितलं, "लेखकाला म्हणावं, एक म्हातारी वाट पाहून राहिली आहे." पलीकडून कुणी काय उत्तर दिलं, कोण जाणे.

शेवटी सहावा भाग आला. नांदेडच्या दुकानातून बोरकर सरांनीच तो आणला. वेष्टन न उघडता त्यांनी पुस्तक बाईंपुढे ठेवलं आणि म्हणाले, "मीही वाचलेलं नाही. आधी तुम्ही." बाईंनी हातात घेतलं, वास घेतला, पिशवीत टाकलं. शेवटचं पान उघडायचा मोह मला आवरेना, तर माझ्या हातावर चापट बसली. "याडीच्या आधी कोणी न्हाई."

त्या रविवारी मीही तांड्यावर गेले. लिंबाखाली याडीची खाट आणली होती. पांढरे केस, हातात हस्तिदंती रंगाच्या बांगड्या, डोळे मिटलेले. भोवती बायका, माणसं, कडेवरची लेकरं. राठोडबाई जमिनीवर बसून एकेक पान मराठीत वाचायच्या आणि मग त्यांच्या बोलीत सांगायच्या. सकाळची दुपार झाली. कुणीतरी भाकरी आणि ठेचा आणला, लोकांनी जागीच खाल्लं.

शेवटचं प्रकरण निशांकच्या राज्याभिषेकाचं. दरबार भरलेला, राणीची माणसं हजर. पुरोहित विचारतो, आईचं नाव सांग. तेवढ्यात गडाच्या दाराशी गोंधळ होतो. पहारेकऱ्यांनी मीठवालीला अडवलेलं असतं. ती त्यांच्या भाल्यांच्या वरून ओरडते, "जेवलास का रे?"

आणि निशांक सिंहासनाच्या पायऱ्या उतरायला लागतो.

राठोडबाईंनी तिथे पुस्तक मांडीवर ठेवलं. त्या पाणी प्यायल्या आणि पुढे वाचू लागल्या. दुष्काळात काफिल्यातली लेकरं मरत होती, तेव्हा त्या बाईने स्वतःचं लेकरू टोपलीत घालून गडाच्या दाराशी ठेवलं होतं, आत धान्य आहे म्हणून. आणि ते मिळतंय की नाही एवढंच विचारायला ती दर वर्षी वाट वाकडी करून येत होती. तलवार विहीर खोदणाऱ्यांचीच होती. सगळं तसंच होतं.

तांड्यावर जी आरोळी उठली, ती गोरेगावपर्यंत गेली असेल. बायकांनी राठोडबाईंना उचलूनच धरलं, पोरं पत्र्याचे डबे बडवायला लागली. मी कुणाच्या गळ्यात पडले होते, मला आजही माहीत नाही.

याडीने हात वर केला, तसे सगळे शांत झाले. ती काहीतरी सावकाश बोलली. राठोडबाई ऐकत होत्या, आणि ऐकता ऐकता त्यांनी आईच्या खाटेच्या कडेला डोकं टेकवलं. मी शेजारच्या बाईला विचारलं, काय म्हणाली? ती म्हणाली, "जमुना लहान होती तवा तांड्यावर खायाचे हाल होते. याडीनं तिला हिंगोलीच्या वसतिगृहात टाकलं. लई रडली पोरगी. बाजाराच्या दिवशी याडी चालत जायची, गजातून हात घालायची अन् जेवलीस का, इतकंच इचारायची. दुसरं काय बोलावं तिला सुदरत नव्हतं. म्हणे, तुला वाटलं असंल मायनं टाकून दिलं. म्हणून त्या येळी मी कशावरून ते सांगितलं न्हाई. तूच शोधावं वाटलं."

राठोडबाईंचं डोकं तसंच टेकलेलं होतं. मग त्या उठल्या, डोळे पुसले आणि आईच्या पाठीवर, अगदी हलक्या हाताने, तीच थाप मारली.

सोमवारी बोरकर सरांनी सगळ्या शिक्षकांना पेढे वाटले. "हरलेल्याने वाटायचे असतात," असं म्हणाले. शनिवारी आम्ही अफसरभाईंच्या दुकानात गेलो, तर चौकावर पानंच्या पानं भरलेली. दाखला मागणाऱ्यांपैकी दोघांनी मोकळेपणाने माफी मागितली होती. बाकीचे गायब होते. दुर्गरक्षकाने एवढंच लिहिलं होतं, "गड पडला. मीठवालीचा विजय असो. बाई, तुम्हाला भेटायला यायचं आहे." अफसरभाईंनी त्या दिवशी आमच्याकडून पैसे घेतले नाहीत आणि स्वतः चहा मागवला. "आखिर जीत गई मॅडम," ते गिऱ्हाइकांना सांगत होते, काय जिंकलं हे त्यांना नीटसं कळलं नसूनही.

दुर्गरक्षक पुढच्या महिन्यात आले. आम्ही एसटीतून उतरणारे प्राध्यापक शोधत उभ्या होतो. एक विशीतली पोरगी, पाठीवर सॅक, समोर येऊन म्हणाली, "तांड्याची जमुना?" नागपुरात शिकणारी मुलगी होती ती. अगंबाई, म्हणजे इतकी वर्षं आम्ही जिला घाबरत होतो, ती सुरुवातीला शाळेतच असणार! राठोडबाई इतक्या मोठ्याने हसल्या, की बसस्थानकावरची माणसं वळून बघायला लागली. मुलगी दोन दिवस राहिली, याडीला भेटली आणि जाताना नागपूरच्या वाचकांच्या मेळाव्याचं आमंत्रण देऊन गेली. राठोडबाईंना तिथे मुख्य भाषण करायचं होतं.

माझी बदली त्याच सुमारास झाली. म्हणून त्यांना मी शेवटचं पाहिलं ते हिंगोलीच्या स्टेशनवर, अकोल्याकडे जाणाऱ्या गाडीत बसताना. एरवी साधी सुती साडी नेसणाऱ्या बाईंनी त्या दिवशी खांद्यावर आरशांचं भरतकाम केलेली ओढणी घेतली होती. उन्हात तिचे कवडसे डब्याच्या छतावर नाचत होते. समोरच्या बाकावरच्या एका आजीबाईंनी ते कौतुकाने बघितलं आणि विचारलं, "कोणाचं लगीन हाय, बाई? कुठं चालल्या?"

"नागपूरला," राठोडबाई म्हणाल्या. गाडी हलली होती, तरी त्यांचा आवाज साऱ्या फलाटाला ऐकू आला. "भांडायला. ह्या बारीला बोलावून राहिले लोक!"